सर्व्हर चालू आहे, पण तयार आहे का?

संशोधनाच्या तयारीला लागलेले विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. "माझ्या लॅपटॉपवर सगळं नीट चालतं. पण कोड गिटहबवर चढवला की बिल्ड कधी हिरवं, कधी लाल. मधे कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं. असं का होतं?" कारणं बरीच असू शकतात, पण डेटाबेस वापरणाऱ्या प्रकल्पात मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघायला सांगते: चाचण्या सुरू झाल्या तेव्हा डेटाबेस खरंच तयार होता का?

उदाहरण आपल्याकडच्या वणव्यांचं घेऊ. उन्हाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आगी लागतात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो, तेंदूला नवा फुटवा यावा म्हणूनही आग लावली जाते, आणि ती पसरते. एकट्या गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि त्यातलं दोन-तृतीयांशाहून जास्त जंगल. पायी फिरून आगी मोजणं शक्य नाही. म्हणून अभ्यासक नासाच्या ‘फर्म्स’ सेवेतून उपग्रहाने टिपलेले आगीचे बिंदू घेतात. व्हिअर्स या संवेदकाचा एक बिंदू म्हणजे जमिनीवरचा साधारण ३७५ मीटरचा चौकोन.

समजा, तुम्ही एक छोटा प्रोग्रॅम लिहिलात. तो ही फाइल वाचतो, बिंदू पोस्टजीआयएसमध्ये भरतो (पोस्टजीआयएस म्हणजे नकाशे समजणारा पोस्टग्रेस डेटाबेस), वनपरिक्षेत्रांच्या सीमांशी जुळवतो आणि कुठल्या परिक्षेत्रात किती आगी ते सांगतो. त्याच्या चाचण्याही लिहिल्यात. आता तुम्ही कोड चढवला की दूर कुठेतरी एक कोरा संगणक जागा होतो, सगळं पहिल्यापासून बसवतो, डेटाबेसचा कंटेनर सुरू करतो, चाचण्या चालवतो आणि काम झालं की पुसला जातो. यालाच आपण स्वयंचलित बिल्ड म्हणतो. तुमच्या लॅपटॉपवरचा डेटाबेस सकाळपासून चालूच असतो. तिथला मात्र प्रत्येक वेळी नुकताच जन्मलेला असतो. सगळा घोळ या फरकात आहे.

भामरागडकडे जाणाऱ्यांना हे चटकन कळेल. पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि गावाचा संपर्क तुटतो, हे तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं अनुभवलंय. पाणी उतरलं म्हणजे लगेच बस निघाली असं होत नाही. पुलावर गाळ असतो, लाकडं अडकलेली असतात, कोणीतरी "अजून थांबा" म्हणत असतं. म्हणजे अवस्था तीन: पूल दिसतच नाही, पूल दिसतो पण जाऊ देत नाहीत, आणि जा. पोस्टग्रेससोबत येणारी ‘पीजी-इज-रेडी’ ही आज्ञा नेमकं हेच सांगते. तिचं उत्तर २ आलं तर पलीकडून काहीच प्रतिसाद नाही. १ आलं तर सर्व्हर आहे, पण सध्या जोडणी नाकारतोय. ० आलं तर या. (३ आलं तर तुम्ही पर्यायच चुकीचा दिलाय, कितीही थांबलात तरी उपयोग नाही.)

बरेच जण मात्र फक्त ५४३२ हा पोर्ट उघडला का एवढंच बघतात. हे फसवं आहे. डॉकरमध्ये तर यजमान संगणकावरचा पोर्ट बऱ्याचदा डॉकरचाच मध्यस्थ उघडून बसलेला असतो, आतला डेटाबेस झोपेत असला तरी. त्यामुळे पोर्टवर टकटक केली, कोणीतरी "ओ" दिली, आणि पुढच्या क्षणी जोडणी तुटली असं होतं.

याहून खोल एक खाच आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे लोक दिवस घालवतात. पोस्टग्रेसची अधिकृत डॉकर प्रतिमा पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ती सर्व्हर दोनदा उठवते. आधी एक तात्पुरता सर्व्हर येतो, तो सुरुवातीच्या स्क्रिप्ट चालवतो आणि बंद होतो. मग खरा सर्व्हर येतो. पोस्टजीआयएसच्या प्रतिमेत नकाशाचं विस्तारकही याच पहिल्या फेरीत बसवलं जातं, त्यामुळे ती फेरी जरा लांबते. तुमची तपासणी कंटेनरच्या आतून, पत्ता न देता चालत असेल तर ती युनिक्स सॉकेटमधून जाते आणि या तात्पुरत्या सर्व्हरलाच भेटते. उत्तर येतं ०, चाचण्या सुटतात, आणि तेवढ्यात सर्व्हर बंद! उपाय एका शब्दाचा आहे. तपासणीत यजमान म्हणून १२७.०.०.१ द्या. तात्पुरता सर्व्हर नेटवर्कवर ऐकतच नाही, त्यामुळे ० येईल तो खऱ्याकडूनच.

"एवढं कशाला? बिल्ड लाल झालं तर पुन्हा चालवायचं, होतं हिरवं." हे वाक्य मी खूप ऐकते, आणि माझा खरा आक्षेप याच सवयीला आहे. फर्म्सच्या फाइलमध्ये आधी अक्षांश येतो, मग रेखांश. पोस्टजीआयएसला बिंदू देताना उलटं, आधी रेखांश हवा. गडचिरोली साधारण २० अंश उत्तर, ८० अंश पूर्व. अदलाबदल झाली तर बिंदू जातो ८० अंश उत्तर, २० अंश पूर्वेला, म्हणजे आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या बर्फावर. प्रोग्रॅम तक्रार करत नाही, कारण हाही पृथ्वीवरचा वैध बिंदू आहे. तो फक्त कुठल्याच वनपरिक्षेत्रात बसत नाही. अहवालात येतं: आलापल्ली ०, भामरागड ०, सिरोंचा ०. वाचणाऱ्याला वाटतं, छान, आज आग नाही. ही चूक पकडणारी चाचणी तुम्ही लिहिलेली असते, ती लालही होते. पण "डेटाबेस उशिरा उठला असेल" म्हणून तिकडे कोणी बघतच नाही.

अशा लहरी चाचण्यांवर संशोधनही झालंय. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अपाचेच्या ५१ प्रकल्पांतल्या २०१ दुरुस्त्या तपासल्या. कारण ठरवता आलेल्या १६१ दुरुस्त्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांच्या मुळाशी एकच गोष्ट होती: जिथे वाट पाहायला हवी तिथे नीट वाट न पाहणं.

मग वाट पाहायची कशी? सगळ्यात प्रचलित उपाय म्हणजे स्क्रिप्टमध्ये "३० सेकंद झोप" असं लिहिणं. डेटाबेस ४ सेकंदांत उठला तर २६ सेकंद वाया, आणि ज्या दिवशी यंत्रावर ताण असेल त्या दिवशी ३० सुद्धा कमी. दिवसाला २० बिल्ड धरली तर रोज १० मिनिटं, महिन्याला ३०० मिनिटं नुसती झोप. गिटहबच्या मोफत खात्यात खाजगी प्रकल्पाला महिन्याला २,००० मिनिटं मिळतात, हिशेब तुम्हीच करा.

त्याऐवजी विचारत राहायचं. दर एक-दोन सेकंदांनी तपासणी करायची, ० आलं की लगेच पुढे, आणि ठरावीक मर्यादेत, म्हणजे समजा ६० सेकंदांत, आलं नाही तर थांबायचं. थांबताना डेटाबेसचा लॉग छापायचा, हे विसरू नका. नुसतं "वेळ संपली" वाचून कोणाला काही कळत नाही. हा फेरा स्वतः लिहायचीही गरज नाही. गिटहबवर सेवा-कंटेनरला आरोग्य-तपासणी जोडली की तो निरोगी होईपर्यंत पुढच्या पायऱ्या थांबतात. जोडली नाही तर कोणी थांबत नाही. डॉकर कंपोझमध्ये ‘डिपेंड्स-ऑन’ लिहिलं की काम झालं असं समजू नका, तो फक्त कंटेनर सुरू झाला एवढंच बघतो. त्यात ‘सर्व्हिस-हेल्दी’ ही अट वेगळी लिहावी लागते. आणि संपूर्ण कामालाही कालमर्यादा द्या. गिटहबची मूळ मर्यादा ३६० मिनिटं आहे, म्हणजे एखादी अडकलेली चाचणी सहा तास तुमची मिनिटं खात बसू शकते.

आता डेटाबेस तयार झाला. पण सीमांचा तक्ता भरला का? तक्ता रिकामा असेल तर जुळणी पुन्हा शून्यच येणार, आणि पुन्हा "आग नाही" असा अहवाल. म्हणून तपासणीत शेवटी एक प्रश्न माहितीलाच विचारावा: सीमांच्या तक्त्यात अपेक्षित इतक्या ओळी आहेत का? सर्व्हरने उत्तर देणं वेगळं आणि त्या उत्तराला अर्थ असणं वेगळं.

बाहेरच्या सेवेचं गणित थोडं निराळं असतं. प्रत्येक बिल्डमध्ये नासाच्या सर्व्हरला हाक मारू नका. एका दिवसाची फाइल प्रकल्पातच ठेवा आणि चाचण्या तिच्यावर चालवा. खऱ्या सेवेला भेटणारं बिल्ड वेगळं, दिवसातून एकदा पुरे. तिथे वाट पाहताना अंतर वाढवत न्या: १ सेकंद, २, ४, ८, आणि त्यात थोडी यादृच्छिक भर, म्हणजे सगळे ग्राहक एकाच क्षणी दारावर धडकत नाहीत. ५०३ किंवा ४२९ आलं तर थांबून पुन्हा विचारण्यात अर्थ आहे. ४०१ आलं तर तुमची किल्लीच चुकली आहे, तिथे पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे बंद कुलपात चुकीची चावी फिरवत बसणं.

हे रोजचं बिल्ड किती वाजता लावायचं, हाही वाट पाहण्याचाच भाग. हे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास जातात, आणि फर्म्सवर माहिती यायला तीन तासांपर्यंत लागू शकतात. रात्री दोनला बिल्ड लावलं तर सर्व्हर चालू असेल, किल्ली चालेल, फाइलही येईल, फक्त त्या रात्रीच्या आगी तिच्यात नसतील. पहाटे पाचनंतरची वेळ ठेवा. आणि तारीख तपासताना लक्षात असू द्या की फाइलमधली वेळ यूटीसी असते: आपल्या रात्री दीडची आग तिथे आदल्या तारखेला २०:०० अशी नोंदलेली सापडेल.