जर्सीचं कापड घामाला विचारून घ्या

उन्हाळा लागला की अहिल्यानगर जिल्ह्यात गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धांची लगबग सुरू होते आणि क्लबची पोरं जर्सीच्या मागे लागतात. रंगावर वाद होतो, नंबरावरून रुसवेफुगवे होतात. पाठीवर कुठल्या दादांचं नाव टाकायचं, यावर तर तासभर खल चालतो. कापडाचा विषय मात्र दुकानदार एका वाक्यात संपवतो: ‘ड्राय-फिट आहे, बिनधास्त घ्या.’

हे ड्राय-फिट म्हणजे बहुतेकदा पॉलिस्टरच. प्रमाणित हवेत शंभर ग्रॅम कोरडं सूत सुमारे साडेआठ ग्रॅम बाष्प धरतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ ग्रॅम. सुतातल्या सेल्युलोजला पाण्याची ओढ असल्याने ते घाम मुरवून घेतं. चार षटकं टाकेपर्यंत सुती टी-शर्ट जड होऊन अंगाला चिकटतो तो त्यामुळेच. पॉलिस्टर पाणी पीत नाही, पण तेवढ्याने ते गुणी ठरत नाही. साधं, गुळगुळीत, घट्ट विणीचं पॉलिस्टर घाम कातडीवरच ठेवतं आणि जीव नकोसा करतं. खरी करामत विणीची आणि कापडावरच्या प्रक्रियेची. बारीक तंतूंमधल्या फटींतून केशाकर्षणाने घाम बाहेरच्या बाजूला ओढला जातो, तिथे पसरतो आणि लवकर सुकतो.

सुकण्याला एवढं महत्त्व का? एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जाते. अर्धा लिटर घाम अंगावरच सुकला तर जवळपास २९० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. तोच टपटप गळून गेला तर गारवा जवळजवळ शून्य. याबाबतीत आपला जिल्हा नशीबवान. पाथर्डी-जामखेडचा पट्टा पर्जन्यछायेतला. उन्हाळी दुपारची हवा कोरडी ठणठणीत, घाम बघता बघता उडतो. कोकणातल्या दमट हवेत महागडं कापडही हात टेकतं. म्हणून माझ्या मते, श्रीरामपूरच्या झहीर खानच्या किंवा आश्वीच्या अजिंक्य रहाणेच्या जिल्ह्यातल्या क्लबांनी लेबलसाठी पैसे मोजू नयेत. हलकं, जाळीदार, सैल आणि फिक्या रंगाचं कापड घ्यावं. काळी जर्सी फोटोत रुबाबदार दिसते, पण दुपारभर ऊन पीत राहते.

पॉलिस्टरची एक खोड दुकानदार सांगत नाही. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांचे व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले. पॉलिस्टरचे सुतीपेक्षा जास्त कुबट निघाले. दुर्गंधीशी संबंधित मायक्रोकॉकस जिवाणू त्यावर चांगलेच वाढतात. सामना संपल्यावर ओली जर्सी किटबॅगेत कोंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता पाठीवरच्या दादांविषयी. सबलिमेशन छपाईत कागदावरचा रंग सुमारे २०० अंश सेल्सिअसला वायुरूप होऊन पॉलिस्टरच्या तंतूतच शिरतो, त्यामुळे कापडाची छिद्रं मोकळी राहतात. रबर प्रिंटचा मात्र थर बसतो. त्यातून ना हवा जाते ना वाफ. नाव जितकं मोठं, तितकी पाठ बंद!

पंधरा जर्सींची ऑर्डर देण्याआधी एकच नमुना मागवा. दोनदा धुवा, कारण नुसती वरवर चढवलेली प्रक्रिया धुण्यात उतरते. मग आतल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच पसरला तर कापड घ्या, मोत्यासारखा बसून राहिला तर परत करा. आणि दादांचं नाव सबलिमेशनमध्येच छापून घ्या.