स्तनाचा कर्करोग आणि बापाचे घराणे

आपल्या घरांत कॅन्सर हा शब्द अजून हळू आवाजात उच्चारतात. त्यातून मुलगी लग्नाची असली, तर आईच्या आजाराचे नावच काढायचे नाही! पण ब्रिटन, आयर्लंड वगैरे देशांतल्या काही घराण्यांनी आपली दुखणी उघडपणे सांगितली, रक्तही तपासायला दिले, म्हणून एक मोठा शोध लागला.

लंडनजवळ सटन येथील कर्करोग संशोधन संस्थेत मायकेल स्ट्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही घराणी अभ्यासली. त्यांत कितीतरी बायकांना स्तनाचा कर्करोग झाला होता. दोष तेराव्या गुणसूत्रावर आहे हे १९९४ साली कळले आणि १९९५ च्या डिसेंबरात ते जनुक हाती लागले. त्याचे नाव बीआरसीए-२. (बीआरसीए-१ आदल्याच वर्षी अमेरिकेत सापडले होते.)

या जनुकाचे काम दुरुस्तीचे. पेशीतला डीएनएचा धागा अधूनमधून तुटतो, तो नीट सांधण्यासाठी हे जनुक लागते. प्रत्येकाजवळ त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. जन्मतः एक बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागते. पुढे एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, की चुका साचत जातात आणि ती पेशी बेसुमार वाढू लागते. म्हणजे वारशाने येतो तो रोग नव्हे, धोका येतो. मात्र तो लहान नाही: असा दोष असलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे सत्तर जणींना ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो.

आपण एक गोष्ट नेहमी विसरतो. हा दोष बापाकडूनही येतो. बाप स्वतः धडधाकट असेल, तरी त्याच्या प्रत्येक मुलाला वा मुलीला दोष मिळण्याची शक्यता निम्मी. तेव्हा डॉक्टरांनी विचारले तर आई-मावशीबरोबर आत्याचे आणि बापाच्या आईचेही सांगावे. पुरुषांनाही या दोषामुळे प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मात्र घरात एकीला झाला म्हणजे घराणेच दोषी, असे नव्हे. स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी वारशाचे जेमतेम पाच ते दहा.

आणि याच दोषातून औषधही निघाले. अशा कर्करोगाच्या पेशीची दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असते. दुसरीही अडवली तर ती मरते, हे ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवले. निरोगी पेशीची एक प्रत शाबूत असल्याने ती बहुधा तगते. त्यावरून तयार झालेल्या ओलॅपरिब या औषधाला २०१४ साली युरोपात मान्यता मिळाली, ती प्रथम अंडाशयाच्या कर्करोगासाठी.