प्लेटोचे नगर आणि आपले चातुर्वर्ण्य

ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याचे नाव निघाले की आपल्या सुशिक्षित घरांतून एक उद्गार हमखास ऐकू येतो : त्याने जे सांगितले ते आपल्या ऋषींनी आधीच सांगून ठेवले आहे! हे समाधान गोड खरे. परंतु ते तपासून पाहिले पाहिजे.

प्लेटोने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ‘रिपब्लिक’ या ग्रंथात आदर्श नगराचे चित्र रेखाटले. मनुष्याच्या ठायी विवेक, तेज आणि वासना असे तीन अंश. तद्वत् नगरातही तीन वर्ग : राज्य करणारे ज्ञानी, रक्षण करणारे योद्धे आणि शेती, कारागिरी, व्यापार पाहणारे बाकीचे. प्रत्येकाने आपले कर्म करावे, दुसऱ्याच्या कर्मात हात घालू नये, यासच त्याने न्याय ही संज्ञा दिली. लोकांनी हे निमूटपणे मानावे म्हणून ईश्वराने कोणाच्या घडणीत सोने, कोणाच्या रुपे, तर कोणाच्या लोखंड मिसळले अशी एक कथा पसरवावी, असेही तो सुचवितो. आणि ती कथा रचलेली आहे हे लपवीत नाही. पुरुषसूक्त ज्यास मुखोद्गत आहे त्यास येथे ओळखीची खूण पटावी यात नवल ते काय?

परंतु साम्य सांगताना उरलेला भाग आपण सोयीने गाळतो. प्लेटोच्या राज्यकर्त्यास स्वतःचे घर नाही, द्रव्य नाही, बायकामुलेही सामाईक. योग्यता असेल तर स्त्रीनेही राज्य करावे. सोन्याच्या पोटी लोखंड निपजल्यास त्या मुलाला खाली धाडावे, आणि उलट झाल्यास वर घ्यावे. जन्मावरून वर्ण मानणाऱ्या आपल्या किती घरांनी ही अट पत्करली असती?

त्याच्यावर पहिली मोठी टीका केली ती त्याच्याच विद्यापीठात वीस वर्षे काढलेल्या ॲरिस्टॉटलने. जे पुष्कळांच्या मालकीचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, हा त्याचा आक्षेप. एकत्र कुटुंबातील गृहिणींस हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. चार जावांच्या घरात अंगणातील तुळस एखादे दिवशी कोरडी राहते, ती प्रत्येकीला दुसरीने पाणी घातले असे वाटल्यामुळेच. मात्र हाच ॲरिस्टॉटल काही माणसे स्वभावतःच दास असतात असे प्रतिपादितो, हेही विसरता कामा नये.

आधुनिक टीकाकारांत युरोपात गाजला तो व्हिएन्नाचा कार्ल पॉपर. हिटलरच्या संकटामुळे न्यूझीलंडमध्ये आश्रय घेऊन त्याने लिहिलेला ‘ओपन सोसायटी’ हा ग्रंथ १९४५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. राज्य कोणी करावे, हा प्लेटोचा प्रश्नच त्याने चुकीचा ठरविला. वाईट राज्यकर्ते रक्तपाताविना दूर कसे करता येतील, हे विचारा, असे त्याचे म्हणणे. त्याचा आवेश पुष्कळांना अतिरेकी वाटला, आणि १९५३ साली रोनाल्ड लेव्हिन्सन याने प्लेटोच्या समर्थनार्थ एक जाडजूड ग्रंथच लिहिला.

परंतु पॉपरच्याही नऊ वर्षे आधी प्लेटोचे हे नगर एका मराठी माणसाने पारखून घेतले होते. आम्हा नागपूरकरांस डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हे नाव उच्चारताच १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी आठवते. त्यांचा प्लेटोशी झालेला वाद मात्र फारसा कोणाच्या गावी नसतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांस अध्यक्ष नेमले आणि भाषणाचा मजकूर पाहून परिषदच रद्द केली. न झालेले ते भाषण त्यांनी १९३६ साली स्वतः छापून काढले. वर्ण जन्मावर नव्हे, गुणकर्मावर मानावा, असे म्हणणाऱ्या सुधारकांना त्यात उत्तर आहे. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई हे त्यांचे गुरू. ड्युईंनी १९१६ च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात प्लेटोचे वैगुण्य दाखविले होते : प्रत्येक मनुष्य अनन्यसाधारण आहे, हे त्याला उमगले नाही. शिष्याने हेच शस्त्र चातुर्वर्ण्यावर धरले. एकाच माणसात नाना प्रवृत्ती नांदत असता त्याला तीन किंवा चार कप्प्यांत कोंबणार कसे? आणि जन्मावर आधारलेल्या चार हजार जाती गुणाधिष्ठित चार वर्णांत बसविणार कोण?

वर्गात एक तप जरी काढले तरी शिक्षकाला या आक्षेपाचे मर्म कळते. रामशब्द चालविताना अडखळणारा मुलगा व्याजाचे गणित तोंडी सोडवितो, आणि सायंकाळी तोच गणपतीच्या मेळ्यात उत्तम गातो. त्याला कोणता धातू म्हणावे?

त्याच भाषणात बाबासाहेबांनी स्त्रियांविषयी विचारलेला प्रश्न मला सर्वांत मार्मिक वाटतो. पत्नीचा वर्ण पतीवरून ठरवाल, तर गुणकर्माचे तत्त्व तेथेच कोसळले. तिच्या स्वतःच्या गुणांवरून ठरवाल, तर स्त्री पुरोहित आणि स्त्री सैनिक तुम्हांस चालतील काय? शिक्षिका आणि बॅरिस्टर स्त्रिया समाजाने पचविल्या, हे त्यांना मान्य होते. या दोघी पचतील असे म्हणण्यास मात्र मोठे धाडस लागेल, असे त्यांना वाटे. पुढे पुण्यात स्त्रियांच्या पौरोहित्याचे वर्ग निघाले आणि आज त्या लग्नेही लावतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींना प्रवेश मिळू लागला, आणि त्यांची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडली. आपल्या घरांतून प्लेटोचे जे वाक्य नेमके गाळले जात असे, ते हेच होते.