गोळी न झाडणारी बंदूक

दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील बदकावर खेळातली बंदूक रोखून चाप ओढला, की बदक पडे. बंदुकीतून सुटे तरी काय? काहीच नाही! निन्टेन्डोच्या १९८५ सालच्या ‘झॅपर’ बंदुकीच्या नळीत भिंग व प्रकाशसंवेदी डायोड असे. चाप ओढताच पडदा काळा होई. लगेच सुमारे १/६० सेकंद बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. नळीत आधी अंधार व मग उजेड शिरला, तरच नेम अचूक! आधी अंधार कशाला? दिव्यावर नेम धरून फसवता येऊ नये म्हणून. आजच्या सपाट पडद्यांवर चित्र किंचित उशिरा उमटते. म्हणून तेथे ही बंदूक चालत नाही. मग ही बंदूक म्हणायची, की डोळा? विचार करा!