पाहुण्या संघाची जर्सी घालून बास्केटबॉल बघताना

परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एका मुलाने माझी इंडियाना पेसर्सची जर्सी ओळखली. म्हणाला, "काका, समोरच्या टीमची जर्सी घालून मॅचला गेलं तर चालतं का?"

बिनधास्त चालतं!

एनबीएचे भारतातले पहिले सामने आपल्या दादरपासून जवळच, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले. तारीख ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९. पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, म्हणजे घरचा संघ म्हणावा तर किंग्जच. पण दोन्ही सामने पेसर्सनी मारले! पहिला जादा वेळेत १३२-१३१, दुसरा १३०-१०६.

घरच्या प्रेक्षकांचा खरा जोर दिसतो तो फ्री थ्रोच्या वेळी. खेळाडू बोर्डापासून १५ फुटांवर एकटा उभा असतो, अडवायला कोणी नाही. मग बास्केटमागचे प्रेक्षक हात, फलक, फुगे, मिळेल ते हलवून त्याची नजर विचलित करतात. हे नियमात बसतं. आपल्या खेळाडूवर ही वेळ आली की चिडू नका. बास्केट झाली की मात्र मोकळेपणाने ओरडा.

वॉर्म-अपला लवकर पोहोचा. खेळाडू जवळून बघायला मिळतात, शेजारच्यांशी ओळखही होते. घरच्या संघाच्या चांगल्या शॉटलाही टाळी द्या. शिवीगाळ, धक्काबुक्की अजिबात नको.

नियमांबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये जरूर विचारा.