आडवा सिलिंडर

‘सिलिंडर नेहमी उभाच ठेवा, आडवा करू नका,’ असे गॅस एजन्सीचा माणूस आपल्याला बजावतो. मग गोदामातल्या फोर्कलिफ्टच्या पाठीवर सिलिंडर चक्क आडवा बांधलेला कसा चालतो?

आपल्याकडे फोर्कलिफ्ट बहुधा डिझेलवर किंवा बॅटरीवर चालते. अमेरिकेतल्या गोदामांत मात्र प्रोपेनच्या गाड्या सर्रास दिसतात. बॅटरी चार्ज व्हायला सात-आठ तास लागतात, सिलिंडर काही मिनिटांत बदलता येतो. प्रोपेन काही परका नाही. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये, कन्नडातल्या ‘अडुगे अनिल’मध्ये, ब्युटेनबरोबर तोही असतो.

सिलिंडरमध्ये तो दाबाखाली द्रवरूपात राहतो. मोकळा झाला की उणे ४२ अंशांनाच उकळतो आणि सुमारे २७० पट फुगतो. उकळायला उष्णता हवी, ती तो सिलिंडरकडूनच ओढून घेतो. लग्नघरी मोठ्या शेगडीला लावलेला सिलिंडर गार पडून त्यावर बर्फ धरतो आणि आच मंदावते, ती यामुळेच. इंजिनाची भूक तर त्याहून मोठी! म्हणून फोर्कलिफ्टच्या सिलिंडरमधून वायू नव्हे, द्रवच घेतात. आतली नळी तळाशी बुडालेली राहावी आणि दाब सोडणारी झडप वरच्या वायूच्या बाजूला राहावी, यासाठी तो एका खुंटीत अडकवून ठरावीक स्थितीत आडवा बसवतात. हा द्रव इंजिनाच्या गरम पाण्यावर तापून वायू होतो, हवेत मिसळतो आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटतो. पुढचे इंजिन पेट्रोलच्या गाडीसारखेच. घरचा सिलिंडर असा आडवा लावण्याचा उद्योग कोणी करू नये. तो त्यासाठी बनवलेलाच नाही.

सिलिंडर बदलताना आधी झडप बंद करतात, नळीतला गॅस संपून इंजिन आपोआप बंद पडू देतात आणि हातमोजे घालूनच जोडणी सोडवतात. द्रव कातडीवर उडाला तर हिमदाह होतो. गळती झाली तर वास येतो, कारण वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते.

खरी काळजी बिनवासाच्या गोष्टीची. इंजिन नीट जुळवलेले नसेल तर धुरातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. बंद शेडमध्ये, शीतगृहात तो साठतो, आणि डोळ्यांना किंवा नाकाला पत्ता लागत नाही. उद्यमबागेत असो की आखातात, आपला मुलगा इंजिनाची गाडी आत चालवत असेल आणि रोज कामावर डोके दुखते, मळमळते, बाहेर आल्यावर बरे वाटते म्हणत असेल, तर थकवा समजून गोळी देऊ नका. डॉक्टरांना कामाची जागा सांगा, आणि त्याला इंजिनाची तपासणी व शेडमधली हवा खेळती करण्याची मागणी करायला लावा.