पावसात बंद पडणारी गाडी

सकाळी साडेआठ

जुलै-ऑगस्ट म्हणजे आम्हा वायरमन लोकांची सुगी. कोल्हापुरात पाऊस लागला की चार-चार दिवस उघडत नाही, आणि उन्हाळाभर गुमान चाललेल्या गाड्या एकेक करून उद्यमनगरात यायला लागतात. कुणाचा हॉर्न आपोआप वाजतोय, कुणाचा वायपर काचेच्या मध्यात येऊन थांबतोय, कुणाच्या बॉनेटखाली ऊब शोधत शिरलेल्या उंदरांनी वायरी कुरतडल्यात. फ्यूज उडाला, बल्ब गेला, हे तर आमचा पोरगाही सांगतो. डोकं खातो तो ‘कधी कधी’ येणारा फॉल्ट. गाडी गॅरेजच्या दारात आली की तो गायब, आणि मालक घराच्या वळणाला लागला की परत हजर.

शटर उघडल्यावर पोरगा झाडून घेतो, मी टेबलावर दोन वस्तू काढून ठेवतो. एक मीटर आणि एक बल्ब. इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब, त्याला दोन वायरी आणि दोन क्लिपा. नवीन पोरांना वाटतं, मीटर असताना बल्ब कशाला? तर मीटर करंट ओढतच नाही. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच केसाएवढी तार शिल्लक असली तरी मीटर बिनधास्त पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. तिथं खोटं उघडं पडतं. फक्त कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरींना हा बल्ब लावायचा नाही, तिथं मीटरच.

नऊ

पहिली गाडी एका निवृत्त गुरुजींची. मारुती ८००, २००४ सालची. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर त्यांनी पासिंग करून परत नावावर चालू ठेवलीय. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरपासून २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत होती, त्यामुळे सामानाची अडचण कधी येत नाही. त्याचाच तोटाही आहे. सामान स्वस्त आणि हाताशी म्हटल्यावर जो तो आधी बदलून बघतो.

गुरुजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून बिलं काढली. बॅटरी नवी, इग्निशन कॉइल नवी, पेट्रोलचा पंप नवा.

“पावसातच बंद पडते बघा,” गुरुजी म्हणाले. “उन्हाळ्यात एकदासुद्धा नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की एका सेल्फला चालू. दोन गॅरेजवाल्यांनी सांगितलं, पाणी जातंय कुठंतरी.”

“गुरुजी, बंद पडते तेव्हा मीटरमधले लाल दिवे लागतात का? बॅटरीचा, ऑइलचा?”

असं विचारलं की दहातले नऊ लोक माझ्या तोंडाकडं बघतात. गुरुजींनी डोळे मिटून आठवलं. “नाही. काहीच लागत नाही. रेडिओ पण बंद.”

“आणि हेडलाइट?”

“ते चालू असतात. परवा रात्री शिरोलीच्या पुलाजवळ बंद पडली, तेव्हा उजेड होता समोर.”

या दोन उत्तरांनी अर्धं काम झालं. चालत्या गाडीत पेट्रोल तुटलं किंवा ठिणगी गेली तर इंजिन थांबतं, पण चावी ऑनच असते, म्हणून लाल दिवे लागतात. इथं दिवेसुद्धा मेले, म्हणजे चावीतून जाणारा सगळा सप्लायच तुटतोय. हेडलाइटचा सप्लाय या गाडीत चावीतून येत नाही, तो चालू राहतो. म्हणजे बॅटरी आणि मेन फ्यूज ठीक. कॉइल आणि पंप बदलायचं कारणच नव्हतं. उरली मधली वाट: मेन फ्यूजपासून चावीच्या स्विचपर्यंतची वायर, स्विच आणि त्याचा कपलर.

तरी पावसाचं म्हणणं तपासावं लागतं. इंजिन चालू ठेवून पोरग्यानं फवाऱ्याच्या बाटलीनं कॉइलवर, फ्यूज बॉक्सवर, डॅशच्या खालच्या जुडग्यावर पाणी मारलं. काही नाही. स्विचच्या मागचा कपलर हलवून बघितला. काही नाही. गार गाडीत फॉल्ट येणारच नाही, हे दिसतच होतं. गुरुजींना सांगितलं, गाडी ठेवून जावा, संध्याकाळी फोन करतो.

साडेदहा

दुसरी गाडी बघायला शेजारचे दोन फिटर हातातलं काम टाकून आले. प्रीमियर पद्मिनी, दुधी रंगाची, नव्यानं रंगवलेली, क्रोम चकाचक. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या शेवटच्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उतरल्या. आता ज्यांच्याकडे आहे ते हौशी लोक. मालक तरुण, इचलकरंजीत यंत्रमागाचा धंदा, गाडी आजोबांची.

तक्रार: सेल्फ कधी मारतो, कधी नुसतं ‘टक’. बॅटरी तीन ठिकाणी तपासली, चांगली आहे. सेल्फ मोटर खोलून बुश बदलले. परत तेच.

मी त्यांना चावी मारायला सांगितली आणि बॉनेटखाली चोकच्या केबलवर हात ठेवला. टक, टक, टक. चौथ्या वेळी केबल हाताला गरम लागली. मालकांना हात लावायला सांगितला, त्यांनी झटक्यात मागं घेतला.

सेल्फ मोटर शंभर अँपिअरच्या वर करंट खाते. तो बॅटरीतून जाडजूड वायरीनं येतो, हे सगळ्यांना दिसतं. पण तेवढाच करंट इंजिनमधून परत बॅटरीच्या निगेटिव्हला जावा लागतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि चेसिसच्या मध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते. ती पट्टी कामातून गेली की करंट मिळेल त्या वाटेनं घुसतो: चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. अशा केबली आतून जळून अडकलेल्या मी बघितल्यात, आणि ते बदलणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की केबल का जळते.

मीटरची एक टोची इंजिनच्या ब्लॉकला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. सेल्फ मारताना तिथं पाव व्होल्टाच्या आत आकडा पाहिजे. दाखवले २.८. जंपरची वायर इंजिनपासून निगेटिव्हला लावली, तर पहिल्या दमात इंजिन उचललं.

पट्टी खोलली तर नवीकोरी होती. तिच्या खाली चेसिसवर मात्र सुंदर दुधी रंग. रंगाऱ्यानं जीव ओतून काम केलेलं, बोल्टाच्या छिद्राच्या कडेलासुद्धा रंगाचा हात फिरवलेला. रंगातून करंट जात नाही. जे काय जात होतं ते बोल्टाच्या आट्यांमधून. पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासून चकचकीत पत्रा काढला, वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन. मालकांचा जीव मात्र त्या घासलेल्या रुपयावर. “दिसणार नाही ना?” दोनदा विचारलं.

बारा

एक काका, ब्रेक दाबला की इंडिकेटरचा बल्ब मंद पेटतो म्हणून आले. मागच्या दिव्याच्या अर्थचा स्क्रू गंजलेला. ब्रेकच्या करंटला परतीची वाट नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बातून उलटा शिरतो. घासला, आवळला, पन्नास रुपये.

दीड

जेवण. भाकरी, वांगं, ठेचा. पाऊस परत धरला.

जेवताना गुरुजींची गाडी डोक्यात होती. पाण्यानं होत नाही, पण पावसातच होतं. मग पावसात माणूस असं काय करतो जे उन्हाळ्यात करत नाही? वायपर लावतो. काचेवर वाफ धरते म्हणून ब्लोअर लावतो. आणि अजून?

गुरुजींना फोन लावला. “पाऊस असला की गाडीत काय काय लावता?”

“वायपर, पंखा... आणि ते पिवळे दिवे. खालचे. दोन वर्षांपूर्वी बसवून घेतलेत, पुढचं दिसत नाही म्हणून.”

भाकरी तशीच ठेवून उठलो नाही, पण शेवटचे घास भराभर गेले.

अडीच

गाडीच्या बंपरखाली फॉग लॅम्प होतेच, सकाळी त्यांच्याकडं नजर गेली होती, पण बाहेरून लावलेले दिवे काय प्रत्येक गाडीला असतात. त्यांची वायर धरून मागं मागं गेलो. रिले नाही. फ्यूज नाही. वायर डॅशखाली जाऊन चावीच्या स्विचच्या वायरीचं इन्सुलेशन सोलून तिथं पिळलेली, वर काळी टेप. टेपचा डिंक वितळून बोटाला चिकटत होता.

५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे नऊ अँपिअरच्या वर. कारखान्यातल्या हिशोबात नसलेला हा बोजा. त्यात वायपर आणि ब्लोअर त्याच चावीतून.

मीटरची एक टोची बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरीला. चावी ऑन, बाकी सगळं बंद: ०.१ व्होल्ट. उत्तम. याच आकड्यावर दोन गॅरेजवाल्यांनी स्विच चांगला ठरवला असणार. मग इंजिन चालू करून वायपर, ब्लोअर, फॉग लॅम्प सगळं लावलं आणि पोरग्याला आकडा वाचत बसवलं.

०.६. पाच मिनिटांनी ०.९. मग १.३. पोरगा दर वेळी ओरडून सांगत होता. १.६ झाल्यावर डॅशखालून तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला. मोजायलाच घ्या: पंधरा अँपिअर गुणिले १.६ म्हणजे २४ वॅट. बोटाच्या पेराएवढ्या कपलरमध्ये इंडिकेटरचा बल्ब सतत पेटवून ठेवल्यासारखं झालं.

मी कपलरला नुसतं बोट लावलं. मीटर एकदम १२ वर गेला आणि इंजिन बंद. लाल दिवा एकही नाही. फॉग लॅम्पपण विझले.

“सापडला!” पोरग्यानं टाळी वाजवली.

कपलर काढला. चार पिनांपैकी तीन पिवळ्याधमक, चौथी, मेन सप्लायची, करपून काळी-निळी. भोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन एका बाजूला बसलेलं. पिनेला पकडून ठेवणारी पितळी जीभ तापून-तापून ढिली, तिच्यातला स्प्रिंगपणाच गेलेला. गार असताना ती कशीबशी टेकते. करंट वाढला की तापते, प्लॅस्टिक मऊ होतं, एखादा खड्डा आला की सुटते. गाडी बंद पडली की करंट थांबतो, दहा मिनिटांत गार, परत टेकते. पाण्याचा थेंबही आत नव्हता.

साडेचार

नवा स्विच नेहमीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाला. नुसता स्विच बदलून चालत नाही. जळका कपलर तसाच ठेवला तर तो नव्या स्विचची पीनही चार महिन्यांत जाळतो. जळालेली वायर चांगलं लाल तांबं लागेपर्यंत मागं कापली, नवी थिंबल दाबून बसवली. पिळलेला जॉइंट काढून तिथं डाग देऊन स्लीव्ह घातली. फॉग लॅम्पला रिले दिला: ३० नंबरला बॅटरीपासून फ्यूजमधून स्वतंत्र वायर, ८७ वरून दिवे, ८६ ला डॅशवरच्या स्विचमधून सप्लाय, ८५ अर्थ. आता फॉग लॅम्पसाठी चावीतून जाणारा करंट म्हणजे फक्त रिलेच्या कॉइलपुरता, एक पंचमांश अँपिअरसुद्धा नाही.

मधे एक बाई मुलाला शाळेतून घेऊन आल्या, गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते म्हणून. अशा गाडीला आज हात लावून उपयोग नाही. ती रात्रभर बंद ठेवून, कॉम्प्युटर झोपल्यावर करंट मोजावा लागतो. ५० मिलीअँपिअरच्या आत असला तर ठीक. ३०० असला तर दिवसाला सात अँपिअर-तास जातात, आणि ३५ च्या बॅटरीत मग राहतं काय? गाडी सोडून जायला सांगितलं.

सहा

गुरुजींच्या गाडीत सगळं लावून अर्धा तास उभी चालवली, मग भर पावसात पोरग्याला घेऊन तावडे हॉटेलपर्यंत जाऊन आलो. आकडा ०.२ च्या वर गेला नाही.

गुरुजी आले. जळका कपलर हातात घेऊन चष्मा वर करून बघितला, रुमालात बांधून घेतला, आधीच्या गॅरेजवाल्याला दाखवणार म्हणाले. मग बिल बघितलं. “सामान साडेसातशेचं आणि मजुरी बाराशे?”

हे रोजचं आहे. पंप बदलून तीन हजार घेतले तर कुणी काही बोलत नाही, कारण जुना पंप हातात मिळतो. शोधायचे पैसे मागितले की कपाळाला आठी. गुरुजींनी शंभर कमी करायला लावले, मीही केले. पण या धंद्यात शोधणं हेच काम आहे, आणि त्याचे पैसे आम्ही मागत राहणार.

तुमच्या जुन्या गाडीत असा लपाछपीचा फॉल्ट असेल, तर पार्ट बदलायला होकार देण्याआधी आठवडाभर कागदावर लिहा: कधी झालं, गाडी गार होती की तापलेली, खड्डा होता का, त्या वेळी काय काय चालू होतं, कोणते दिवे गेले, कोणते राहिले. तो कागद घेऊन वायरमनकडे जा. आणि फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, काहीही जादा बसवून घेताना समोर उभं राहून विचारा, ‘रिले आणि फ्यूज कुठं बसवलाय, दाखवा.’ दाखवता आला नाही, तर गाडी तशीच घेऊन परत या.